बाहेर ठेवायचे झाड

गेल्या जून महिन्यात, पहिला पाऊस होऊन चार दिवस झाले असतील, आमच्या धर्मग्रामातील एक तरुण सायंकाळच्या मिस्सानंतर कार्यालयात आला आणि खिशातून एक कागदी पाकीट काढून त्याने मेजावर ठेवले. पाकिटावर सोनेरी झाडाचे चित्र होते. आत तिळाहून किंचित मोठ्या, एका अंगास पातळ पंख असलेल्या बिया होत्या. "फादर, हे लार्चचे बी. ऑनलाइन मागवले. त्याचे बोन्साय करायचे आहे. तुम्ही ऑस्ट्रियात होतात ना, म्हणून म्हटले आधी तुम्हांला विचारावे."

त्याला एका वाक्यात उत्तर देता आले असते. वसईच्या हवेत हे झाड जगणार नाही. तेवढे आम्ही सांगितलेही. परंतु त्याने "का?" असे विचारले, आणि त्याचे उत्तर देताना आम्हांस आमचीच एक जुनी गोष्ट काढावी लागली, जी काढण्यास आम्ही फारसे उत्सुक नसतो. त्याला सांगितली ती थोडक्यात. येथे जरा विस्ताराने लिहितो.

२०११ साली बिशप महोदयांच्या अनुमतीने आम्ही पुढील अध्ययनासाठी इन्सब्रुकला गेलो. अध्ययन आटोपल्यावर, २०१३ च्या उन्हाळ्यात, तिरोल प्रांतातील एका डोंगराळ खोऱ्यातल्या धर्मग्रामाची जबाबदारी आमच्याकडे आली. गाव समुद्रसपाटीपासून अकराशे मीटर उंचीवर. मध्ये चर्च, चर्चला लागून धर्मगुरूंचे निवासस्थान, आणि चोहोबाजूंनी रान. त्या पहिल्याच ऑक्टोबरात समोरच्या उतारावरचे निम्मे रान आठ-दहा दिवसांत पिवळे पडले. चर्चची व्यवस्था पाहणारी एक बाई होती. तिकडे तिला मेस्नेरिन म्हणतात. आम्ही काळजीने तिला विचारले, "झाडांना रोग पडला की काय?" ती हसून म्हणाली, "नाही हो, हेर फारर. लार्च आहेत ते. आता झोपतील."

सूचिपर्णी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नाताळचे झाड उभे राहते. बाराही महिने हिरवे, बर्फाच्या ओझ्याखालीही हिरवे. लार्च त्याच वर्गातला, शंकूसारखी फळे धरणारा, सुयांसारखी पाने असलेला. परंतु युरोपच्या मूळ सूचिपर्णी वृक्षांत शरद ऋतूत सगळी पाने गाळून टाकणारे हे एकच कूळ. आल्प्स पर्वतात तो दोन हजार मीटरच्याही वर, जेथे बाकीची झाडे हार मानतात तेथपर्यंत चढतो. त्याची पाने मऊ आणि पातळ. गोठलेल्या जमिनीतून हिवाळ्यात मुळांना पाणी मिळत नाही, आणि अशी पाने तर वाऱ्याबरोबर ओलावा गमावीत राहणार. तेव्हा पानांतला कस आत ओढून घ्यायचा, पाने सोनेरी होऊ द्यायची आणि टाकून द्यायची, हा त्याचा हिशेब. जगात असे सूचिपर्णी मोजकेच. चीनमधील मेटासिक्वोया त्यांपैकी एक. १९४१ साली एका जपानी शास्त्रज्ञाने केवळ जीवाश्मांवरून त्याला नाव दिले आणि पुढे काही वर्षांतच तो चीनमध्ये जिवंत उभा असल्याचे जगाला कळले. आपल्याकडे सिक्कीमच्या उंच डोंगरांतही लार्चची एक जात वाढते. परंतु ती पाहण्याचा योग आम्हांस अद्याप आलेला नाही.

गुरुविद्यालयात शिकलेले लॅटिन अशा ठिकाणी अवचित उपयोगी पडते. लार्चचे लॅटिन नाव 'लारिक्स'. रोमन स्थापत्यकार वित्रुवियस ह्याने लिहून ठेवले आहे की, सीझरच्या सैन्याने आल्प्सच्या पायथ्याशी लार्चच्या ओंडक्यांचा एक बुरूज पेटविण्याचा प्रयत्न केला, पण आग विझल्यावर पाहतात तो बुरूज जसाच्या तसा उभा. ग्रंथकर्त्यांचा आम्ही आदर करतो. तथापि आमच्या निवासस्थानातील चूल लार्चच्या लाकडावरच चालत असे आणि ते उत्तम जळे. ही चूल म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली चूल नव्हे. खोलीच्या कोपऱ्यात छताला भिडेल एवढी, हिरव्या चकचकीत फरशांनी मढविलेली, एकदा तापली की रात्रभर ऊब देणारी. तिचा पुढे संबंध येणार आहे.

ज्यांच्यामुळे आम्ही ह्या झाडाच्या नादी लागलो ते गृहस्थ तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. उभे आयुष्य त्यांनी लार्चच्या फळ्यांची छपरे घालण्यात घालविले होते. ह्या फळ्या करवतीने कापीत नाहीत, पात्याने चिरतात. कापले की धागा तुटतो आणि पाणी आत शिरते, चिरले की धागा अखंड राहतो आणि पाणी त्याच्यावरून ओघळून जाते. हे त्यांनी आम्हांस पहिल्याच भेटीत सांगितले, चर्चच्या मनोऱ्याकडे बोट दाखवून. तो त्यांनीच शाकारला होता. १९७४ साली डोंगरावरच्या एका गोठ्याचे छप्पर घालीत असता, हिमलोट उतरतो त्या घळीतल्या दगडधोंड्यांत त्यांना हातभर उंचीचे एक लार्च दिसले. दर वर्षी सरकणाऱ्या बर्फाने त्याचे खोड बुंध्याशी तलवारीसारखे वाकविलेले होते. जमिनीच्या मालकाला विचारून त्यांनी पुढच्या वसंतात ते मुळांसकट काढले, काही वर्षे फळांच्या लाकडी खोक्यात वाढविले आणि मग एका पसरट, विटकरी रंगाच्या कुंडीत बसविले. बोन्साय हा शब्द त्यांनी वर्तमानपत्रातल्या एका चित्राखाली वाचलेला. जपानी भाषेत त्याचा अर्थ तबकात लावलेले रोप एवढाच. जपानातही डोंगरी भागात लार्चची एक जात आहे, तिचे तेथील नाव कारामात्सु, आणि तिची बोन्साय तेथे आवडीने करतात. आमच्या ह्या आजोबांना मात्र त्यातले काही ठाऊक नव्हते. ते आपल्या झाडाला नुसते 'धाकटा' म्हणत.

आम्ही पाहिले तेव्हा धाकटा कित्येक वर्षे कुंडीत होता आणि त्याची उंची दोन फूट होती. खोड मनगटाएवढे जाड. साल तपकिरी, भेगाळलेली, मोठ्या वृक्षासारखीच. फांद्यांवर छोटी छोटी ठेंगणी डहाळी, आणि प्रत्येकीच्या टोकाला तीस-चाळीस कोवळ्या सुयांचा एक झुबका, जणू दाढी करण्याचा ब्रश. हे छळणे नाही का, असे आपल्याकडे पुष्कळ जण विचारतात. आम्हीही विचारले होते. आजोबांनी उत्तर दिले नाही. समोरच्या कड्याच्या भेगेत उगवलेले, तेवढ्याच उंचीचे एक लार्च त्यांनी दाखविले. त्याला कोणी कुंडीत घातलेले नव्हते.

२०१४ च्या ऑक्टोबरात ते घरच्या पायऱ्यांवर पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयातून ते पुन्हा घरी आलेच नाहीत. दरीच्या तोंडाशी असलेल्या वृद्धाश्रमात त्यांची व्यवस्था झाली. पत्नी केव्हाच निवर्तलेली, मुलगा परदेशी, नात गावातच असली तरी तिचे घर तिसऱ्या मजल्यावर. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा त्यांनी प्रकृतीविषयी दोनच वाक्ये सांगितली आणि मग म्हणाले, "हेर फारर, तुमच्या घरामागे उत्तरेची भिंत आहे. वारा लागत नाही तिथे. धाकट्याला तुम्ही न्याल का?"

आम्ही होकार दिला. खिशात रविवारच्या मिस्साहेतूंचा कागद होता, त्याच्या पाठीवर त्यांनी सांगितले तसे लिहून घेतले. सुया पूर्ण गळू द्या. मग भिंतीलगतच्या वाफ्यात कुंडी काठापर्यंत पुरा. वर स्प्रूसच्या डहाळ्या पसरा. बाकी बर्फ पाहून घेईल. "आणि काही झाले तरी बाहेर," ते म्हणाले. "हिवाळाभर बाहेर."

त्याचे कारणही त्यांनी समजावून दिले. लार्चची फांदी उणे तीस अंशांतही टिकते. पण मूळ तितके काटक नसते. जंगलात मुळांवर जमिनीचे पांघरूण असते, कुंडीत चार बोटे माती. म्हणून कुंडी पुरायची; झाड झाकायचे नाही. आणि थंडी तर त्याला हवीच असते. काही आठवडे सलग थंडीत काढल्याखेरीज त्याच्या कळ्यांना वसंत आला हे ओळखताच येत नाही.

आम्ही नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सर्व काही लिहिल्याप्रमाणे केले. नाताळपर्यंत ठीक चालले. नाताळानंतरच्या आठवड्यात मोठा हिमपात झाला, मग आकाश निरभ्र झाले आणि रात्री पारा उणे पंधराच्या खाली गेला. खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरले. त्या रात्री आम्ही वसईला दूरध्वनी केला. आई म्हणाली, "थंडी लागते का रे? अंगावर घेतोस ना काहीतरी?" आम्ही घेतो म्हणालो. फोन ठेवला, चुलीत दोन ओंडके टाकले, आणि मागच्या खिडकीतून पाहिले तर चांदण्यात त्या बर्फातून धाकट्याची पाचसहा उघडी बोटे तेवढी वर आलेली.

वाचकहो, आम्ही वाडीत वाढलो. आमचे वडील पानवेलीच्या कोवळ्या रोपांवर उन्हाच्या वेळी केळीची पाने धरीत. झाडाची काळजी घेणे म्हणजे पाणी देणे, सावली करणे, झाकणे, आडोसा करणे, एवढेच आम्हांस माहीत. हिवाळ्यात झाडाला तसेच टाकून झोपी जाणे, ह्यालाही काळजी म्हणतात, हे आमच्या हाडांत कोठेच नव्हते. कागदावर लिहिलेले असूनही नव्हते. आम्ही ओव्हरकोट घातला, फावडे घेतले, गोठलेली माती सैल व्हावी म्हणून कोमट पाणी ओतले, आणि अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर ती कुंडी उचलून घरात आणली. चुलीपासून तीन हातांवर, रस्त्याकडच्या खिडकीत ठेवली. लार्चचे लाकूड जाळून लार्चला ऊब देतो आहोत, हे तेव्हा ध्यानातही आले नाही. त्या रात्री आम्हांस फार शांत झोप लागली, हे मात्र चांगले आठवते.

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना पवित्र ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही जात असू. जानेवारीत तो दिनांक २ ला आला. प्रार्थना आटोपल्यावर आजोबांनी विचारले, "धाकटा?"

"झोपलेला आहे," आम्ही म्हणालो.

"बाहेर?"

"बाहेर."

हा शब्द आमच्या तोंडून किती सहज गेला ह्याचे आजही नवल वाटते. त्यांना उगाच चिंता नको, अशी आम्ही मनाची समजूत घातली. आजाऱ्याशी खोटे बोलताना माणसे नेहमी हीच समजूत घालतात. आम्ही स्वतः ती अनेकांच्या तोंडून ऐकलेली होती.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी पडदे नसलेल्या त्या खिडकीत उजेड आला आणि पाहतो तो काय, प्रत्येक डहाळीच्या टोकाला राईएवढा हिरवा ठिपका! चार दिवसांत झुबके उलगडले. बाहेर हातभर बर्फ आणि आत वसंत. आम्हांस एवढा आनंद झाला की आम्ही न्याहारीची कपबशीही तेथेच, झाडाजवळ नेऊ लागलो. रस्त्याने जाणारे लोक खिडकीकडे पाहत; आम्ही हात हालवून अभिवादन करीत असू. तेही करीत.

फेब्रुवारी लागताच रंग पालटला. सुया लांबल्या, पण फिकट आणि लोंबत्या. खिडकीतला उजेड अपुरा, चुलीची हवा कोरडी. मग सुयांच्या मधून कोळ्याच्या जाळ्याहून बारीक तंतू दिसू लागले. भिंगातून पाहिले तर तांबडे कोळी, कोरड्या उबेत फोफावणारी कीड. पाणी वाढविले तसतशा सुया अधिकच पिवळ्या पडल्या. ६ फेब्रुवारीच्या शुक्रवारी आजोबांनी पुन्हा तेच दोन शब्द विचारले आणि आम्ही पुन्हा तेच दोन शब्द उत्तरलो. ह्या वेळी ते आमच्याकडे जरा अधिक वेळ पाहत राहिले, एवढेच.

राखेचा बुधवार १८ तारखेस होता. त्या दिवशी आम्ही साऱ्या गावाच्या कपाळी राख लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी बस धरून वृद्धाश्रमात गेलो. खोलीत नेहमीप्रमाणे उकडत होते. तेथील परिचारिका खिडक्या बंद ठेवीत आणि हीटर पूर्ण सोडीत, सर्वांच्या हितासाठीच. आजोबांनी खुणेने सांगितले तशी आम्ही खिडकी बोटभर उघडली, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि सगळे सांगितले. रात्र, फावडे, कोमट पाणी, हिरवे ठिपके, कोळी. आणि दोन वेळा उच्चारलेला तो शब्द.

त्यांनी सर्व ऐकून घेतले. मग म्हणाले, "मला ठाऊक आहे."

आम्ही पाहतच राहिलो.

"सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुझ्या खिडकीला पडदा नाही."

तिरोलमध्ये असे म्हणतात की हजार मीटरच्या वर गेले की सर्वांनी एकमेकांस 'तू' म्हणावे. परंतु धर्मगुरूला सहसा कोणी म्हणत नाही आणि आजोबांनीही तोवर म्हटलेले नव्हते. त्या दिवसापासून म्हणू लागले. आम्ही विचारले, ठाऊक होते तर बोलला का नाहीत? ते म्हणाले, "बोललो असतो तर तू घाबरून त्याला तसाच बाहेर नेऊन ठेवला असतास. कोवळा पाला घेऊन त्या थंडीत तो एका रात्रीत मेला असता." थोडा वेळ थांबून पुढे म्हणाले, "चर्चमध्ये ने. तिथे ना हिवाळा असतो ना उन्हाळा. मेस्नेरिनने उत्तरेकडच्या खिडकीत जागा करून ठेवली आहे. आठ दिवस झाले."

आता हे तर खरेच होते की त्या दगडी चर्चमध्ये हिवाळ्यात जेमतेम चारपाच अंश असत. मिस्सा अर्पण करताना आमच्या तोंडची वाफ पहिल्या बाकापर्यंत दिसे. खिडकीची ती खोल कोनाड्यासारखी जागा झाडूनपुसून ठेवलेली होती. कोळी धुऊन काढून कुंडी तेथे ठेवली. आठवडाभरात सगळ्या सुया गळून पडल्या. उपवासकाळाचे सहा आठवडे ते बोडके झाड साऱ्या धर्मग्रामाच्या डोळ्यांसमोर होते. कोणीही त्याविषयी चकार शब्द काढला नाही. आमच्या प्रवचनांकडे त्या काळात किती जणांचे लक्ष असेल हे प्रभू जाणे.

आजोबांना आम्ही विचारले होते की ते पुन्हा पालवेल का. त्यांनी स्वित्झर्लंडमधील एंगादिन खोऱ्याची गोष्ट सांगितली. तेथील लार्चच्या रानांवर आठ-दहा वर्षांच्या फेऱ्याने एका पतंगाच्या अळ्यांची धाड येत आलेली आहे. ऐन उन्हाळ्यात अळ्या साऱ्या सुया खातात, डोंगरच्या डोंगर तांबूस होतात. आणि त्याच उन्हाळ्यात झाडे दुसऱ्यांदा पालवतात. आम्हांस धीर आला. तोच ते म्हणाले, "पण त्यांना ऊन मिळते, हेर फारर. उन्हात पुन्हा कमावता येते. तू त्याला जानेवारीत खर्च करायला लावलास. आता शिल्लक किती आहे ते त्याचे त्यालाच ठाऊक."

एप्रिलच्या अखेरीस समोरचा उतार हिरवा झाला. लार्चची ती पहिली हिरवाई इतकी कोवळी असते की डोळ्यांना ती रंगापेक्षा धुक्यासारखी वाटते. धाकटा आता भिंतीपाशी बाहेर होता, आणि त्याच्यावर काही नव्हते. मे महिन्याच्या नऊ तारखेस, पाणी घालताना, सर्वांत खालच्या डाव्या फांदीवर पाच ठिपके दिसले. आम्ही ते पुन्हापुन्हा मोजले. पुढल्या पंधरा दिवसांत खालच्या दोन तृतीयांश भागात कोठे दाट, कोठे विरळ असा पाला आला. शेंडा आला नाही. नखाने साल खरवडून पाहिली; आत हिरवे नव्हते, गवती तपकिरी होते.

आम्ही शेंडा कापावयास निघालो होतो, पण आजोबांनी थांबविले. विजेने किंवा वादळाने शेंडा मेलेले, खाली हिरवे आणि वर रुपेरी हाडासारखे उभे असलेले लार्च त्या डोंगरात जागोजाग दिसतात. "तसाच राहू दे. पुढल्या वर्षी साल सोलून काढ, लाकूड उघडे कर. लार्चचे लाकूड कुजत नाही लवकर, मी छपरांवर पाहिले आहे." बोन्साय करणारे जपानी लोक अशा मेलेल्या, सोललेल्या टोकाला जिन म्हणतात आणि ते मुद्दाम घडवितातही, हे आम्हांस पुढे एका पुस्तकातून कळले. आमचे मुद्दाम नव्हते. त्या साली त्यांनी आणखी एक गोष्ट करू दिली नाही. कुंडी बदलण्याची वेळ आलेली असतानाही त्यांनी मुळांना हात लावू दिला नाही. अशक्त झाडाची मुळे छाटायची नसतात.

ते काम २०१६ च्या एप्रिलमध्ये केले. ह्या कामाला वर्षातून दहा-बारा दिवसांचीच सवड असते. कळ्या फुगून हिरव्या दिसू लागाव्यात, पण सुया उलगडलेल्या नसाव्यात. टॅक्सीतून कुंडी वृद्धाश्रमाच्या सज्जात नेली. आजोबांचे हात तोवर कापू लागले होते, तेव्हा ते बोलत आणि आम्ही करीत असू. झाड कुंडीतून उपसले, बांबूच्या काडीने मुळे विंचरल्यासारखी मोकळी केली, खाली गोल फिरलेली लांब मुळे कात्रीने छाटली. "अजून," ते म्हणत. आमचा हात थांबे. "अजून." तिसरा हिस्सा तरी गेला असेल. कुंडीत मातीऐवजी खडी. फुटलेल्या लाव्हाची आणि भाजक्या मातीची वाटाण्याएवढी खडी, थोडी सालीची भुकटी. पाणी आत शिरावे आणि लगेच निघूनही जावे, परंतु मुळे कधी सुकू नयेत. लार्चला तहान सोसत नाही. मुळांमध्ये पोकळी राहू नये म्हणून काडीने खडी ठासली आणि झाड तारेने कुंडीला बांधले. ते पाऊण तास सज्जात उघड्यावर बसले होते. परिचारिका दोनदा येऊन शाल देऊन गेली, दोन्ही वेळा त्यांनी ती कुंडीखाली सरकविली. तिसऱ्यांदा ती आलीच नाही.

बाकीची निगा त्या मानाने सोपी. उन्हाळ्यात रोज सकाळी पाणी, फार तापले तर सायंकाळीही, आणि दुपारी थोडी सावली. सुया पक्व झाल्यावर दर पंधरवड्यास पातळ खत. वाढत्या कोंबांचे शेंडे खुडायचे, नाही तर सारे बळ टोकाला जाते आणि आतली डहाळी मरते. फांदीला वळण द्यावयाचे तर पाने नसताना तार गुंडाळायची, आणि जूनपासून दर आठवड्यास पाहायचे. लार्च झपाट्याने जाड होतो, तार सालीत रुतते आणि तो व्रण वर्षानुवर्षे राहतो. आमच्या हातचा असा एक व्रण उजवीकडच्या दुसऱ्या फांदीवर आहे. सुयांवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो मावा समजायचा आणि पाण्याच्या धारेने धुवायचा. हे सर्व त्या तरुणाने आपल्या फोनमध्ये टिपून घेतले, जरी ते त्याच्या उपयोगाचे नाही हे आम्ही त्याला दोनदा सांगितले होते.

आजोबा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले. ते सोनेरी शरदात गेले असते तर लिहिणाऱ्याला सोयीचे झाले असते. पण ऐन उन्हाळा होता, रान गर्द हिरवे, आणि अंत्यविधीच्या वेळी गवत कापणाऱ्या यंत्रांचा आवाज येत होता. शेवटच्या भेटीत ते फारसे बोलले नाहीत. आम्ही न विचारता खिडकी उघडली.

त्या हिवाळ्यात, २०१७ च्या जानेवारीत, पुन्हा तशी रात्र आली. आकाश निरभ्र, पारा उणे सोळा. कुंडी वाफ्यात पुरलेली, वर डहाळ्या, वर बर्फ. आम्ही बाराच्या सुमारास मागच्या खिडकीशी आलो आणि बराच वेळ तेथे उभे राहिलो. ओव्हरकोट खुंटीला होता, फावडे दाराशी होते. आईचा फोन त्या दिवशीही येऊन गेला होता. एकदा हात कडीपर्यंत गेलाही. मग येऊन अंथरुणावर पडलो. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

२०१८ साली आम्ही स्वदेशी परतलो. झाड आणण्याचा प्रश्नच नव्हता. ते मेस्नेरिनच्या स्वाधीन केले. वसईत त्याला झोपच लागणार नाही. आमच्या गारठ्यात अंगावर शाल घेऊन मिस्साला येणारी आजीबाई पाहिली की हसू येते. लार्चच्या हिशेबी तो उन्हाळाच. थंडी न मिळालेले झाड एखादे वर्ष पालवते, कदाचित दोन वर्षे, आणि मग साठा संपतो. त्या तरुणाला आम्ही सांगितले, "बाळा, किल्ल्याच्या तटाच्या भेगांत पिंपळ आणि उंबर उगवलेले आहेत ते पाहून ये. त्यांना आपली हवा मानवते." त्याचा चेहरा पडला. पिंपळात त्याला काही नवल वाटले नसावे. पण जुलैमध्ये तो पन्हळीत उगवलेले उंबराचे रोप एका डब्यात घेऊन आला, आणि मुळे केव्हा छाटायची हे विचारू लागला. बियांचे पाकीट अजून आमच्या खणात आहे.

मेस्नेरिन आता सत्तरीला आली. ती फारसे लिहीत नाही, पण दर हिवाळ्यात व्हॉट्सॲपवर एक छायाचित्र पाठविते. ह्या खेपेचे आले तेव्हा आम्ही ते प्रथम उलटसुलट करून पाहिले, कारण त्यात केवळ पांढरे होते. उत्तरेची भिंत, तिच्या पायथ्याशी बर्फाचा उंचवटा. मग मोठे करून पाहिले तेव्हा उंचवट्यातून वर आलेले ते रुपेरी, सोललेले टोक दिसले, बोटभर. खाली तिने एकच शब्द लिहिला होता.

"बाहेर."